टाकी क्रमांक ३ : वापरलेल्या आम्लाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

आजपासून टाकी क्रमांक ३ माझ्याकडे. लोखंडी सुटे भाग गंज काढायला ज्यात बुडवतात तो बाथ हायड्रोक्लोरिक आम्लाचा आहे. ताजा भरतो तेव्हा लिटरला ५० ग्रॅम आम्ल, म्हणजे ५ टक्के. गंज निघायला वेळ लागू लागला की बाथ रिकामा करायचा. एका वेळी ८०० लिटर निघतं, ते टाकी ३ मध्ये येतं. त्यात धुण्याचं साधारण १००० लिटर पाणी मिसळतं आणि मग हे सगळं ‘न्यूट्रल’ करून पुढच्या संकलन टाकीत सोडतात.

कसं करतात ते भिंतीवरच लिहिलंय, लाल रंगात, हाताने: ‘७ आला की सोडा’. कोणी लिहिलं ते आता कुणाला आठवत नाही.

काम माझ्याकडे यायचं कारण असं की पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, ७ म्हणजे न्यूट्रल) ६ ते ९ या मर्यादेत असूनही मागच्या दोन नमुन्यांत लोह आणि जस्त दोन्ही परवान्यातल्या आकड्यांच्या वर गेले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, ‘पीएच तर बरोबर होता ना?’ होता.

जस्त कुठून येतं ते टाकीवरच्या काकांनी लगेच सांगितलं. गॅल्व्हनाइझ केलेले, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, जुने हँगर (भाग टांगायचे हुक) खराब झाले की त्यांच्यावरचं जस्त याच बाथमध्ये उतरवतात. ‘पहिल्यापासून असंच आहे, मॅडम.’

४ फेब्रुवारी

आज फक्त मोजमाप. कालच काढलेल्या बाथचा न मिसळलेला नमुना घेतला. फिकट हिरवा, पारदर्शक. पीएच पट्टी बुडवली, तिने १ दाखवला. आतापर्यंत अंदाज बांधायचे ते याच पट्टीवरून.

मग १० मिलिलिटर नमुना पिपेटने घेऊन १ नॉर्मल, म्हणजे ठरलेल्या तीव्रतेच्या, कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइड) टायट्रेशन केलं, आम्ल मिटायला ते किती लागतं ते मोजलं. मिथाइल ऑरेंज या दर्शकाचा रंग ४.९ मिलिलिटरला बदलला. हे झालं मोकळं आम्ल, लिटरला १८ ग्रॅम. पुढे पीएच मीटर लावून तसंच चालू ठेवलं. अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा इथे उपयोग नाही, कारण तोवर फ्लास्कमध्ये हिरवट काळा चिखल होतो आणि त्यात गुलाबी रंग दिसणार कसा? ९.३ पर्यंत यायला एकूण १३.२ मिलिलिटर लागले.

तिथेच जरा थांबले. वरचे ८.३ मिलिलिटर आम्लाने खाल्लेले नाहीत, धातूंनी खाल्ले. लोह लिटरला २२ ग्रॅम, जस्त १.२ ग्रॅम. लोहाचा प्रत्येक अणू तळाशी बसताना दोन हायड्रॉक्साइड ओढून घेतो. मीटर त्याबद्दल आधी काही सांगत नाही.

८०० लिटरसाठी विरवलेल्या चुन्याचा हिशेब तीन तऱ्हांनी मांडला. पट्टीवरच्या १ वर विसंबलं तर ३ किलो पुरायला हवा. मोकळं आम्ल धरलं तर पोत्यावर लिहिलेली ९० टक्के शुद्धता लक्षात घेऊन १६ किलो. आणि धातू धरून एकूण आम्लता घेतली तर ४३ किलो. हीच तीन आकड्यांची ओळ मोठ्या अक्षरांत लिहून टाकीजवळ लावली. काकांनी वाचली आणि म्हणाले, ‘म्हणूनच पोती संपतात.’

६ फेब्रुवारी

जुनी पद्धत एकदा डोळ्यांनी बघायची होती, म्हणून आजची बॅच नेहमीसारखीच होऊ दिली. कॉस्टिकच्या पापड्या थेट पोत्यातून, पाटीने, वरून टाकायच्या. ढवळणी चालू असते, पण तिचं पातं मध्यभागी, आणि पापड्या पडतात कडेला. जिथे पडल्या तिथे पाणी तडतडलं, वाफ आली, दोन थेंब उडून काकांच्या बाहीवर पडले. कापडाला भोक. चेहऱ्यावर फक्त साधा चष्मा होता.

तडतडण्याचं कारण नवीन नाही. कॉस्टिक पाण्यात विरघळतानाच बरीच उष्णता सोडतं, आणि आम्लाशी भिडताना दर मोलमागे (मोल हे रसायनांचं ठरलेलं माप) आणखी सुमारे ५७ किलोज्यूल. अख्ख्या टाकीवर पसरली तर ही उष्णता फारशी नाही, तापमान काही अंशच चढतं. पण एका पाटीभर जागेत ती उकळी आणते. आजपासून कोरडा अल्कली (आम्ल मारणारा पदार्थ) टाकीत टाकायचा नाही. चेहरा पूर्ण झाकणारी ढाल, लांब हातमोजे, रबरी एप्रन. ढाल स्टोअरमध्ये होती, न उघडलेल्या खोक्यात.

संध्याकाळी ६.१० ला पीएच ७.४. नियमाप्रमाणे सोडायला हरकत नव्हती. मी व्हॉल्व्हला कुलूप लावून घरी गेले. दुसऱ्या पाळीचा पोरगा नाराज झाला, त्याला टाकी रिकामी हवी होती.

७ फेब्रुवारी

सकाळी ७.४० ला त्याच टाकीचा पीएच ५.८.

रात्रभर कुणी हात लावला नव्हता, कुलूप तसंच. पृष्ठभागावर सायीसारखी तपकिरी कातडी धरलेली. काठीने ती बाजूला केली तर खाली गढूळ हिरवं पाणी, आणि काठीला चिकटून आलेला हिरवा गाळ माझ्या डोळ्यांदेखत, पाचसहा मिनिटांत, कडेकडेने गंजाच्या रंगाचा झाला.

मीटरवर संशय घेऊन झाला, बफरमध्ये (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात) तपासला, तो ठीक होता. गोष्ट लोहाची आहे. गंज उतरवताना बाथमधलं लोह फेरस रूपात राहतं, आणि ७ च्या आसपास ते बरंचसं विरघळलेलंच असतं. हवेतला ऑक्सिजन त्याला फेरिक करतो, फेरिक लगेच पाण्यातून हायड्रॉक्साइड उचलून खाली बसतं, आणि मागे आम्ल सोडतं. फेरसच्या प्रत्येक अणूमागे दोन हायड्रोजन आयन. म्हणजे आपण संध्याकाळी मिटवलेलं आम्ल रात्रीतून टाकीतच पुन्हा तयार होतं.

आणि हेच पाणी काल सोडलं असतं तर? नळीत, संकलन टाकीत, नमुन्याच्या बाटलीतसुद्धा हेच घडलं असतं. नमुने घेताना पीएच बरोबर आणि प्रयोगशाळेत लोह जास्त, याचं उत्तर बहुतेक मिळालं. भिंतीवरचा ७ हा आकडा चुकीचा नाही, तो फक्त फार लवकर वाचला जातो.

१० फेब्रुवारी

कशाने न्यूट्रल करायचं यावर आज अर्धा दिवस गेला.

सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) हाताळायला सोपी, पण मोकळं आम्ल मारायलाच ८०० लिटरमागे जवळपास ५ घनमीटर कार्बन डायऑक्साइड सुटेल. उघड्या टाकीत तो फेस घेऊन काठावरून उतरणार, आणि टाकी खोलगट जागेत आहे, तिथे तो साचून राहणार. बायकार्बोनेटने त्याच्या दुप्पट. दोन्ही बाद.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मला मनापासून आवडतं. जास्त पडलं तरी पीएच फार वर पळत नाही आणि गाळ घट्ट बसतो. पण ते सावकाश विरघळतं, आणि ९ च्या पुढे न्यायला जीव खातं. आपल्याला जस्तासाठी त्याच्या थोडं पुढे जायचंय.

कॉस्टिक द्रावण रूपात असेल तर सगळ्यांत चपळ. मात्र गाळ फुललेला, जेलीसारखा, गाळण प्रेसला (गाळ दाबून त्यातलं पाणी काढणाऱ्या यंत्राला) नकोसा.

चुना ठरला. अल्कली १५ टक्के चुन्याच्या दुधाच्या रूपात, पंपाने. गाळ जास्त होईल हे मान्य. चुन्याची एक खोड मात्र लक्षात ठेवायची: तो टाकल्याबरोबर काम संपवत नाही. कण विरघळायला वेळ घेतात. पीएच ८.५ दिसला म्हणून पंप बंद केला तरी दहा मिनिटांनी तो ९.२ असतो. कॉस्टिक टाकून थांबलं तर आकडा खाली सरकतो, चुना टाकून थांबलं तर वर. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘एक पुढे पळतो, एक मागे. मग बरोबर कोणता?’ अर्धा तास ढवळल्यावरचा.

१२ फेब्रुवारी

सहा बीकर. प्रत्येकात टाकी ३ चं मिसळलेलं पाणी, चुन्याचं दूध, हवेची बारीक नळी. पीएच ७, ८, ८.५, ९.३, १० आणि ११.५ वर धरून एक तास. मग गाळून जस्त आणि लोह.

७ च्या बीकरमध्ये दोन्ही भरपूर. ८.५ ला लोह जवळपास गेलं, जस्त अजून मर्यादेच्या वर. ९.३ ला दोन्ही खाली. १० तसंच. ११.५ ला जस्त पुन्हा वर चढलं. हे पुस्तकात असतंच: जस्ताचं हायड्रॉक्साइड दोन्हीकडे झुकतं, आम्लात विरघळतं तसं तीव्र अल्कलीतही. म्हणजे ‘अजून एक पोतं टाका, म्हणजे खात्री’ हा मार्गसुद्धा बंद.

अडचण अशी की धातू काढायला ९.३ लागतो आणि बाहेर सोडायला ९ च्या आत यावं लागतं. आधी ९.३ वर नेऊन धातू बसवायचे, पाणी गाळापासून पूर्ण वेगळं करायचं, आणि मगच पीएच थोडा खाली आणायचा. गाळ आत असताना खाली आणला तर बसलेलं जस्त परत उठेल. हा क्रम चुकवायचा नाही.

हवेबद्दलही एक गोष्ट. फेरसचं फेरिक होण्याचा वेग पीएचवर विलक्षण अवलंबून आहे, साधारण ५ ते ८ च्या पट्ट्यात पीएच एकाने वाढला की वेग शंभरपट. ६ ला रात्रभर हवा सोडून जे होत नाही ते ८.५ ला काही मिनिटांत होतं. म्हणून ब्लोअर सुरुवातीपासून चालवायची गरज नाही, वीज फुकट जाते. ८ पार झाल्यावर लावायचा.

१४ फेब्रुवारी

पूर्ण टाकीवर पहिला प्रयोग. फसला, तोही मजेशीर रीतीने.

चुन्याचं दूध गेलं, पीएच ८.४ झाला, ब्लोअर लावला. चार मिनिटांत टाकीतून फेस वर आला, करडा हिरवा, साबणाच्या पाण्यासारखा, आणि काठावरून खाली उतरायला लागला. बाथमध्ये आम्लाबरोबर तेल सोडवणारं काहीतरी असतं हे मला ठाऊक होतं. बीकरमध्ये बोटभर फेस आला होता, तो मी दुर्लक्षिला होता. बीकरमधली बोटभर उंची टाकीत दोन हात होते.

ब्लोअर बंद, फरशी धुतली, धुतलेलं पाणी परत टाकी ३ मध्ये. ब्लोअरच्या नळीवर झडप बसवायला सांगितली. पुढच्या वेळी हवा एक चतुर्थांश सोडून सुरुवात, फेसनाशकाची बाटली हाताशी.

१७ फेब्रुवारी

दुसरी बॅच. ही नोंद जरा सविस्तर, कारण पुढच्या माणसाला हीच लागेल.

८०० लिटर बाथ, १००० लिटर धुण्याचं पाणी, तापमान २७. चुन्याचं दूध २९० लिटर तयार, त्यात ४३ किलो चुना. पहिले दोनतृतीयांश सलग सोडले, तोवर पीएच ६ च्याही खाली रेंगाळत होता, जणू काही टाकतच नाही आहोत. इथे माणूस अधीर होतो आणि पंप वाढवतो. वाढवायचा नाही. उरलेला तृतीयांश थांबत थांबत, दर वेळी दहा मिनिटं ढवळून.

रंग असा बदलत गेला: फिकट हिरवं पाणी, मग दुधाळ हिरवट पांढरं, मग शेवाळासारखं, मग जवळजवळ काळं. ८.५ ला हवा हळू सुरू केली. पृष्ठभागावर तपकिरी रेघा उमटल्या, ढवळणीच्या भोवऱ्यात ओढल्या गेल्या, आणि चारेक तासांनी अख्खी टाकी विटकरी झाली. ८०० लिटरमधल्या साडेसतरा किलो लोहाला जेमतेम अडीच किलो ऑक्सिजन पुरतो, पण बुडबुड्यांतला बहुतेक ऑक्सिजन न विरघळताच वर निघून जातो, म्हणून चार तास.

हवा चालू असताना पीएच खाली घसरत राहतो. तीनदा थोडं थोडं दूध द्यावं लागलं. घसरायचा थांबला, तीच खरी खूण. ९.३ वर अर्धा तास स्थिर. तापमान ३१.

नंतर गाळाचे बारीक कण जुळवणारं पॉलिमर: ०.१ टक्क्याचं द्रावण ५ लिटर, ढवळणी सर्वांत मंद गतीवर. वेगाने ढवळलं तर झालेले पुंजके फाटतात आणि पुन्हा जुळत नाहीत. पुंजके तांदळाच्या दाण्याएवढे झाल्यावर ढवळणी बंद. काकांनी काचेच्या बरणीत नमुना घेऊन खिडकीत धरला. वरचं दोन बोटं पाणी बघता बघता निवळलं.

मध्ये एकदा पीएच १०.६ वर गेला होता. कारण चुना नव्हे, पीएच मीटरचा इलेक्ट्रोड. त्याच्या काचेवर लोहाचा आणि चुन्याचा थर बसला होता आणि तो मिनिटभर मागून बोलत होता. ४ आणि ७ च्या बफरमध्ये १७७ मिलिव्होल्टचा फरक यायला हवा, आला १५१. पाच टक्के आम्लात काही मिनिटं बुडवून, मऊ कुंचल्याने पुसून, धुऊन परत लावला. आतापर्यंत हा इलेक्ट्रोड रात्री डिस्टिल्ड पाण्यात ठेवत होते. तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा, नाहीतर मरतो.

१८ फेब्रुवारी

सकाळी अर्धी टाकी साका, अर्धी निवळ. रात्रीत पीएच ९.३ चा ९.२. वरचं ११०० लिटर पाणी पंपाने धारण टाकीत घेतलं. लोह, जस्त दोन्ही मर्यादेच्या आत. साका प्रेसकडे.

१९ फेब्रुवारी

काल रात्री दुसऱ्या पाळीच्या पोराने आपणहून काम पुढे नेलं. धारण टाकीतलं पाणी ९.२ चं, ते ९ च्या आत आणायचं होतं. मी सकाळी पातळ आम्ल देणार होते. त्याने विचार केला की आम्लच हवंय ना, मग ताजं कशाला, बाथमधलं वापरलेलं आहेच. एक मग, साधारण लिटरभर. पीएच ८.१ आला. त्याने वहीत लिहिलं, ‘ओके’.

सकाळी पाणी चहाच्या रंगाचं, पीएच ६.२.

रागावले नाही. हिशेब त्याच्याच हाताने करवला. एका लिटरात २२ ग्रॅम लोह. ११०० लिटरात ते वाटलं तर लिटरला २० मिलिग्रॅम. परवान्यात ३. जस्तही लिटरला एक मिलिग्रॅमच्या वर गेलं. दोन दिवस घालवून जे बाहेर काढलं ते एका मगाने परत आलं, आणि ७ तारखेची गोष्ट लहान रूपात पुन्हा घडली. ‘पण पीएच तर बरोबर आला होता,’ तो म्हणाला. मी भिंतीकडे बोट दाखवलं.

दुसरी गोष्ट त्याला जास्त पटली. अशा निवळ पाण्यात पीएच धरून ठेवणारं असं जवळपास काही नसतं. १ लिटर नमुना घेऊन टायट्रेट केला होता, ८.२ पर्यंत यायला १ नॉर्मल आम्ल ०.४ मिलिलिटर लागलं. म्हणजे अख्ख्या टाकीला १० टक्क्यांचं ताजं आम्ल दीडशे मिलिलिटर. मगाने ओतणं नको, मोजपात्र हवं. ते आज टाकीजवळ साखळीला बांधलं.

पाणी परत टाकी ३ मध्ये.

२४ फेब्रुवारी

तिसरी बॅच. चुना नेहमीएवढा, पीएच ९.३, हवा चार तास, आणि गाळ बसला तो अर्धाच. वरचं पाणी निवळ पण पिवळसर तपकिरी, सरबतासारखं. गाळणीच्या कागदातून सरळ पार. लोह भरपूर.

दिवसभर चुन्याचा, पॉलिमरचा, हवेचा संशय घेतला. शेवटी काकांना विचारलं, टाकीत आणखी काय आलं? ‘देखभालवाल्यांनी दोन ड्रम ओतले, परवा. तेही आम्लच होतं म्हणाले.’

आम्लच होतं. सायट्रिक. कुठल्या तरी उष्णता विनिमयकाचा क्षार उतरवलेलं. सायट्रेट लोहाला असं कवटाळतं की ९.३ ला सुद्धा हायड्रॉक्साइडला ते सोडवता येत नाही. म्हणूनच ते क्षार उतरवायला चांगलं, आणि म्हणूनच इथे नको. बीकरमध्ये चुना वाढवून ११.५ पर्यंत नेलं तेव्हा कॅल्शियमने सायट्रेटचा काही भाग ओढला, थोडा गाळ पडला, पाणी तरी पिवळंच राहिलं. आणि तिथे जस्त उठतं. ही अख्खी बॅच ड्रममध्ये भरून धोकादायक कचऱ्याकडे. आपल्या चुकीला आज दहा ड्रम लागले.

टाकी ३ च्या भरण्याच्या तोंडावर कुलूप. किल्ली काकांकडे.

२६ फेब्रुवारी

कुलपाचा पहिला उपयोग. दुसऱ्या विभागातून एक ड्रम आला, वर नुसतं ‘स्टेनलेस क्लीनर, वापरलेलं’. काकांनी घेतला नाही, मला बोलावलं. माहितीपत्रक मागवलं: नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक. परत पाठवला. हायड्रोफ्लोरिक अंगावर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आत शिरून हाडापर्यंत जातं, आणि त्यासाठी लागणारं कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम आमच्या पेटीत नाही. शिवाय कॉस्टिकने ते न्यूट्रल केलं तरी फ्लोराइड पाण्यातच राहतं, त्याला चुनाच लागतो. नायट्रेट तर चुन्यानेही जात नाही.

फरशी पुसायच्या ब्लीचचे कॅनही टाकीच्या आवारातून हलवायला लावले. आम्लात ब्लीच म्हणजे क्लोरीन.

२८ फेब्रुवारी

चौथी बॅच स्वच्छ. लोह, जस्त आत, पीएच ८.२, चोवीस तासांनी ८.१. मी खूश होते. दुपारी संकलन टाकीवरून फोन आला. ‘मॅडम, तुमचं पाणी छान आहे, पण चालकता मीटर, क्षार दाखवणारा, शेवटच्या टोकाला गेलाय.’

हे मला ४ तारखेलाच दिसायला हवं होतं. चुन्याने आम्ल मारलं, धातू काढले, पण क्लोराइड? ते कुठेच गेलं नाही. कॅल्शियम क्लोराइड होऊन पाण्यातच राहिलं. ८०० लिटर बाथमागे ३७ किलो क्लोराइड, टाकीतल्या एकूण पाण्यात लिटरला साधारण १८ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात १९ च्या आसपास असतं. पारदर्शक, न्यूट्रल, धातूविरहित समुद्र तयार करत होतो आम्ही. आणखी पाणी घालून आकडा खाली आणता येतो, पण ते विल्हेवाट लावणं नव्हे, आणि परवान्यातही चालत नाही.

आम्ल गंधकाचं असतं तर निदान जिप्सम होऊन बराचसा भाग गाळात गेला असता. हायड्रोक्लोरिकला तशी वाट नाही. ते मीठच होतं.

३ मार्च

बैठक. माझं म्हणणं मांडलं: पाणी न मिसळलेला बाथ टाकी ३ मध्ये आणायचाच नाही. तो वेगळा साठवून बाहेर द्यायचा. त्यातल्या फेरस क्लोराइडपासून फेरिक क्लोराइड करणारे असतात, सांडपाण्यातला गाळ बसवायला तेच वापरतात. टाकी ३ फक्त धुण्याच्या पाण्यासाठी. तिथे चुना किलोंत लागेल, पोत्यांत नाही.

त्याला आडवं येतं जस्त. जस्ताने मळलेलं फेरस क्लोराइड कोण घेणार? म्हणजे हँगरवरचं जस्त या बाथमध्ये उतरवायचं बंद, त्यासाठी वेगळी छोटी टाकी. यावर उत्पादनवाल्यांनी नाकं मुरडली. ‘पहिल्यापासून असंच आहे’ हे वाक्य आज तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं.

एक गोष्ट मात्र लगेच मान्य झाली, कारण तिला काहीच लागत नाही. भाग बाथमधून वर आल्यावर धुण्याच्या टाकीकडे नेण्याआधी दहा सेकंद टांगून ठेवायचे, ते आता तीस. आज उभं राहून मोजलं. विसाव्या सेकंदापर्यंत धार, मग थेंब. तेवढं आम्ल बाथमध्येच राहतं.

६ मार्च

प्रेस उघडली. चार बॅचमध्ये पहिल्यांदा केक (दाबलेला गाळ) प्रेसच्या प्लेटवरून स्वतःहून सुटला, खरवडावा लागला नाही. १४० किलो, विटकरी, बोटाने दाबला तर ठसा राहतो. भट्टीत वाळवून पाहिलं, त्यात २८ टक्के घन. हा केक छपराखालीच ठेवायचा. पावसाचं पाणी यातून झिरपलं, आणि त्या पाण्यात कुठून जरी आम्ल आलं, तरी जस्त परत निघेल. तो धोकादायक कचराच आहे, भराव नव्हे. कालच कुणीतरी मागायला आलं होतं, आवारातला खड्डा बुजवायला.

१० मार्च

हँगरसाठी ६० लिटरची वेगळी टाकी आली. गळती तपासली, झाकण बसतं.

नव्या बाथचे पाच दिवस झाले, हँगर न घालता. लोह लिटरला ६ ग्रॅम, जस्त २० मिलिग्रॅमच्या आत. नमुना दोन लिटर, प्लास्टिकच्या बाटलीत, बूच सैल ठेवून. अजून हायड्रोजन सुटतो, घट्ट लावलं तर बाटली फुगते. फेरिक क्लोराइडवाल्यांना पाठवला. त्यांना लोह जास्त हवंय, म्हणजे बाथ आणखी जुना होऊ द्यावा लागेल. आमच्या उत्पादनाला तो जास्त ताजा हवाय. मध्ये कुठेतरी भेट व्हायची आहे.

दुपारी रंगारी भिंत रंगवायला आला होता. लाल अक्षरांवर पांढरा हात मारला, आणि नवीन काय लिहू म्हणून विचारलं. काका म्हणाले, ‘वहीत बघा म्हणून लिही.’

वही संपत आलीय. स्टोअरकडे दुसरी मागितली.